धनुष्यबाणाने हरणाची शिकार: नेम कुठे धरायचा आणि जखमी हरीण जगतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेली चौदा वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरात धनुष्य घेऊन जंगलात जातो. इथल्या मराठी मंडळींपैकी दरवर्षी कुणी ना कुणी नवा परवाना काढतं. सप्टेंबर उजाडला की त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे, कधी पुण्या-साताऱ्याहून त्यांच्या आईवडिलांचेही प्रश्न यायला लागतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. सगळं लिखाण अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहे. कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. जिथे नियम सांगितलाय तिथे तो पेनसिल्व्हेनियाचा समजा आणि तुमच्या राज्याचं यंदाचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

१. भारतात शिकारीला बंदी, आणि तुम्ही तिकडे जाऊन हरणं मारता. मनाला पटतं का हे?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. तिथे चितळ-सांबरांवर वाघ, बिबटे, रानकुत्री जगतात आणि जंगल तुकड्यातुकड्यांनी उरलंय. सुट्टीत गावी गेल्यावर धनुष्य घेऊन रानात जायचा विचारही करू नका, तो गुन्हा आहे.

इथली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे पेनसिल्व्हेनियातलं हरीण जवळजवळ संपलं होतं. १९०६ साली मिशिगनहून हरणं आणून इथे सोडावी लागली. हरीण परत आलं, पण त्याला खाणारे लांडगा आणि प्यूमा (डोंगरी सिंह) परत आले नाहीत. आज या राज्यात वर्षाला चार लाखांच्या आसपास हरणांची शिकार होते, त्यातली साधारण एक तृतीयांश धनुष्य आणि क्रॉसबोने (बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेलं आडवं धनुष्य), तरीही हरणं कमी झालेली नाहीत. जिथे ती फार दाट आहेत तिथे ओकचं एक कोवळं रोप गुडघ्याच्या वर येत नाही. कुंपण घातलेला तुकडा आणि बाहेरचं जंगल शेजारी शेजारी बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून मला शिकार पटते. पण जनावर तडफडत मरावं हे मला कधीच पटलेलं नाही, आणि पुढची सगळी उत्तरं त्यापायी लिहिली आहेत.

२. बाणाने एवढं मोठं जनावर मरतं कसं? गोळीसारखा तडाखा तर बसत नाही.

बाण कापतो. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असलेलं ब्रॉडहेड असतं. ते छातीतून आरपार गेलं की मोठ्या रक्तवाहिन्या तुटतात, छातीत हवा शिरते आणि फुप्फुसं मिटतात. मेंदूला रक्त पोचेनासं झालं की हरीण कोसळतं. दोन्ही फुप्फुसं छेदली गेली असतील तर बहुतेक वेळा हे दहा-पंधरा सेकंदांत होतं. पण उधळलेलं हरीण ताशी ५० किलोमीटरने सहज पळतं, म्हणजे दहा सेकंदांत जवळजवळ १४० मीटर. त्यामुळे अचूक बाण लागलेलं हरीणही डोळ्यांदेखत झाडीत दिसेनासं होतं. त्यात काही चुकलेलं नसतं.

धार इथे फार महत्त्वाची. बोथट पातं रक्तवाहिनीला बाजूला ढकलतं किंवा फाडतं, आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठतं. धारदार पात्याने झालेली स्वच्छ चीर वाहत राहते. सरावात वापरलेलं ब्रॉडहेड तसंच शिकारीला नेऊ नका. पाती बदला किंवा पाजवा.

३. नेम नेमका कुठे धरायचा?

हरीण तुमच्याकडे पूर्ण बाजू करून उभं आहे असं समजा. पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून नजर सरळ वर न्या. छातीच्या खालच्या रेषेपासून पाठीपर्यंतच्या उंचीचा एक तृतीयांश भाग चढलात की थांबा. तिथे दोन्ही फुप्फुसांचा मधला भाग असतो आणि त्याच्या जरा खाली, पुढच्या पायांच्या मध्ये, हृदय. प्रौढ हरणात ही जागा साधारण जेवणाच्या ताटाएवढी, २०-२५ सेंटिमीटरची.

नवे शिकारी सगळ्या हरणाकडे बघतात आणि बाण हरणाच्या मधोमध, म्हणजे पोटात, जातो. एक केस निवडा. एखादी सुरकुती, एखादा काळसर ठिपका, आणि बाण लागेपर्यंत नजर तिथून हलवू नका.

फार पुढे सरकलात तर फऱ्याचं हाड आडवं येतं. फार मागे गेलात तर श्वासपटल ओलांडून यकृत, आणि त्याच्याही मागे कोथळा. चुकायचंच असेल तर कोणत्या बाजूला चुकावं, असं विचारतात. माझं मत: वर चुकण्यापेक्षा खालच्या बाजूला राहा. खालून चुकलेला बाण बहुधा पूर्ण चुकतो किंवा छातीखालचं कातडं ओरबाडतो. वरून चुकलेला बाण काय करतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. हरीण कोणत्या कोनात उभं असताना बाण सोडावा?

दोनच कोनांत: पूर्ण बाजू दाखवून, किंवा तुमच्यापासून तिरकं पलीकडे तोंड करून. दुसऱ्या कोनात पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घ्या आणि बाण त्या पायाकडे जाईल असा नेम धरा. म्हणजे आत शिरण्याची जागा नेहमीपेक्षा मागे, बरगड्यांवर येते. हा कोन मला सगळ्यांत आवडतो, कारण बाणाला फऱ्याचं हाड आडवं येत नाही आणि तो छातीत तिरका लांबवर जातो.

तुमच्याकडे तिरकं तोंड करून उभं असलेलं हरीण फार मोह पाडतं, कारण ते जवळ येत असतं. सोडू नका बाण. त्या कोनात एक फुप्फुस आणि कोथळा असं मिळतं, किंवा खांद्याचा सांधा आडवा येतो. समोरासमोर छाती, पाठमोरं हरीण, मान, डोकं: सगळं नको. थांबलात तर निम्म्या वेळा हरीण स्वतःच वळतं.

५. मी मचाणावर बसतो. वरून नेम बदलतो का?

बदलतो. बाण जमिनीपासून ६ मीटर उंचीवरून सुटतोय असं धरा. २० यार्डांवरच्या (एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरा कमी) हरणाकडे तो जेमतेम १६ अंशांनी खाली जातो. नेम जवळपास तोच, किंचित वर. पण हरीण मचाणाच्या पायथ्याशी ५ यार्डांवर आलं की तोच कोन ५० अंशांच्या आसपास होतो. मग बाण एका फुप्फुसाला लागून खाली छातीतून बाहेर पडतो आणि दुसरं फुप्फुस शाबूत राहतं (प्रश्न १४). बाण कुठे शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल हे आधी ठरवा. पलीकडच्या बाजूला, पायाच्या मागे, खालच्या एक तृतीयांशात तो बाहेर पडणार नसेल तर हरणाला पुढे जाऊ द्या. मी मचाण हल्ली ४-५ मीटरवरच बांधतो. आणि सुरक्षेचा पट्टा जमिनीवरच घाला, वर चढल्यावर नाही.

६. किती यार्डांवरून बाण सोडावा? माझ्या धनुष्याने मी पटांगणात ६० यार्डांवर ताट फोडतो.

पटांगणातलं ताट धनुष्याचा आवाज ऐकून खाली बसत नाही. हरीण बसतं. उधळण्याआधी ते पाय दुमडून अंग खाली सोडतं आणि मग उडी घेतं. हिशेब करून बघा. बाणाचा वेग सेकंदाला २७० फूट, आवाजाचा साधारण ११२५ फूट. २० यार्डांवर आवाज ०.०५ सेकंदात पोचतो आणि बाण ०.२२ सेकंदात. सावध हरणाला दचकायला ०.१ सेकंद लागतो असं धरलं, तर खाली जायला त्याच्याकडे ०.०७ सेकंद उरतात. तेवढ्यात अंग दोन-अडीच सेंटिमीटर खाली येतं. ४० यार्डांवर बाणाला ०.४४ सेकंद लागतात, आवाजाला ०.११. उरतात ०.२३ सेकंद आणि अंग खाली येतं २५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे फुप्फुसाच्या मध्यावर धरलेला नेम थेट पाठीवर.

म्हणून माझी मर्यादा २५ यार्ड, आणि हरीण कान टवकारून माझ्याकडे बघत असेल तर तीही नाही. मान खाली घालून एकर्न (ओकची फळं) खाणारं, शेपटी सैल हलवणारं हरीणच बाणाचं हरीण. नेम छातीच्या खालच्या एक तृतीयांशात धरायचं हेही एक कारण.

७. बाण लागला, हरीण पळालं, माझे हात थरथरताहेत. पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

हलू नका. बसा. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड डोळ्यांत पक्कं करा आणि कान द्या. कोसळल्याचा, फांद्या मोडल्याचा आवाज येतो का. होकायंत्राने किंवा फोनवर दिशा नोंदवा. खाली उतरल्यावर सगळी दिशा बदलल्यासारखी वाटते.

हरीण कसं पळालं तेही आठवून लिहून ठेवा. छातीत लागलेलं बहुधा मागचे पाय झाडून, अंग खाली घालून सुसाट सुटतं. पोटात लागलेलं पाठीला कुबड काढून चार उड्या मारतं आणि मग शेपटी आत घेऊन चालायला लागतं. एका झटक्यात जागेवर कोसळलेलं हरीण मणक्याला लागलेलं असतं, तिथे मात्र लगेच दुसरा बाण छातीत सोडा. पाऊण मिनिटाचं ते दृश्य घरी पोचेपर्यंत मनात तीन वेळा बदलतं, म्हणून तेव्हाच लिहा.

८. बाणावरच्या रक्तावरून काय कळतं?

बाण आरपार जाऊन जमिनीत रुतलेला सापडला तर बरंच काही. तो उचला, पिसांपासून टोकापर्यंत उजेडात फिरवून बघा, आणि नाकाजवळ न्या.

गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुडे असलेलं रक्त फुप्फुसाचं. भडक लाल, भरपूर रक्त हृदयाचं असू शकतं, पण मांसातल्या जखमेचंही असतं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. गडद, काळपट तांबडं म्हणजे यकृत. हिरवट-तपकिरी चिकट थर, चावलेल्या पाल्याचे कण, गोठ्यातल्या शेणासारखा आंबट वास म्हणजे कोथळा. रक्त अगदी थोडं दिसतं. बाणावर चरबीचा नुसता तेलकट थर असेल तर तो पाठीच्या किंवा छातीखालच्या मांसातून गेलाय.

केसही बघा. लागल्या जागी पांढरे केस पडले असतील तर बाण पोटाच्या खालच्या बाजूने गेला. जाड, लांब, टोकाला काळपट केस पाठीचे.

९. मग किती वेळ थांबायचं? कायोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) खाऊन टाकतील ना!

फुप्फुस नक्की असेल तर अर्धा तास. यकृत असेल तर चार ते सहा तास. कोथळा असेल तर आठ ते बारा तास, संध्याकाळी लागला असेल तर सकाळपर्यंत. काय लागलं ते कळत नसेल तर सगळ्यांत वाईट शक्यता धरा.

कारण साधं आहे. यकृतात किंवा पोटात लागलेलं हरीण फार लांब जात नाही, शंभर-दीडशे यार्डांवर दाट झाडीत बसतं. कुणी मागे आलं नाही तर तिथेच मरतं. तुम्ही गेलात तर उठतं, आणि या वेळी मैलभर जातं. पहिलं रक्त गोठलेलं असतं, नवा माग पडत नाही.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी हेच केलं. नोव्हेंबरची संध्याकाळ, एक मादी, १८ यार्ड. बाणावर काळपट रक्त होतं, पण ते भरपूर होतं, आणि मी ‘भरपूर’ एवढंच बघितलं. चाळीस मिनिटांनी निघालो. ऐंशी पावलांवर ओकच्या पाचोळ्यात तिच्या बसण्याचा ठसा होता, पाटाएवढा, दाबून सपाट झालेला, आणि त्यात ओंजळभर काळं रक्त. मी हात टेकवला. पाचोळा गरम होता. मी पोचायच्या अर्ध्या मिनिटापूर्वी ती उठली होती. पुढे ओढ्यापर्यंत तीन थेंब सापडले, पलीकडे काही नाही. दोन दिवस शोधलं. ती मेली, याबद्दल मला शंका नाही, कारण यकृताला लागलेलं हरीण जगत नाही. ती चार तास तिथेच बसून शांत गेली असती.

कायोटींची भीती खरी आहे, आणि रात्र उबदार असेल तर मांस खराब होण्याचीही. पाऊस येणार असेल तर रक्त धुऊन जाईल हेही खरं. तरीही पोटातल्या जखमेला मी घाई करत नाही. पावसात लगेच निघून हरीण उठवण्यापेक्षा सकाळी रक्ताशिवाय जागा पिंजून काढलेली बरी. ते जवळच असण्याची शक्यता जास्त. नाहीतर कुत्रा बोलवा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

१०. रक्ताचा माग मध्येच संपला. आता?

माग काढताना थेंबाथेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा टांगत जा, आणि शेवटच्या थेंबापासून लगेच हलू नका. मागे वळून बघा, टांगलेल्या तुकड्यांची रेषा हरणाची दिशा दाखवते. मागावरून चालू नका, त्याच्या बाजूने चाला. रक्त जमिनीवरच पडतं असं नाही. गवताच्या पात्यांच्या आतल्या बाजूला, मांडीएवढ्या उंचीवरच्या पानांवर, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर शोधा. लाल पानांच्या मोसमात ठिपका रक्ताचा की बुरशीचा हे कळत नसेल तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा. रक्त फसफसतं.

तरी नाही मिळालं तर माग काढणारा कुत्रा. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून दोरीला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे, इतरही बऱ्याच राज्यांत आहे. हे लोक बहुधा हौसेने येतात. त्यांना बोलवायचं ठरवलंत की स्वतः शोधणं थांबवा. बुटांना लागलेलं रक्त तुम्ही सगळीकडे पसरवता आणि कुत्र्याचं काम दुप्पट होतं. मला वाटतं, दर हंगामाच्या आधी जवळच्या दोघा-तिघांचे नंबर फोनमध्ये घालून ठेवणं हे ब्रॉडहेड पाजवण्याइतकंच गरजेचं आहे.

११. हरीण सापडलं नाही म्हणजे ते कुठेतरी मेलंच असणार, हो ना?

सर्वांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो. नाही, तसं नसतं. पण ‘जगलंच असेल’ हेही नाही.

मेरिलंडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुष्य आणि क्रॉसबोच्या शिकारीची रोजची नोंद ठेवली गेली. तिथे शिकाऱ्याला आधी नेमबाजीची चाचणी द्यावी लागे. बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. मिनेसोटातल्या कॅम्प रिप्लीच्या अभ्यासात तो आकडा १३ टक्के होता. म्हणजे सराव केलेल्या, चाचणी दिलेल्या माणसांच्या हातूनही सहा-सात हरणांमागे एक हाती लागत नाही. नव्या शिकाऱ्याने हा आकडा बाण सोडण्याआधी माहीत करून घ्यावा.

ती न सापडलेली हरणं जातात कुठे, याचं सर्वांत थेट उत्तर ओक्लाहोमातल्या मॅकअ‍ॅलेस्टर इथल्या दारूगोळ्याच्या तळावरून मिळालं. तिथे रिकर्व्ह, लाँगबो अशा जुन्या पद्धतीच्या धनुष्यांनीच शिकार करू देतात. नरांच्या गळ्यात रेडिओ पट्टे घातलेले होते, त्यामुळे जखमी हरणाचं पुढे काय झालं ते कळू शकलं. पट्टेवाल्या २२ नरांना बाण लागले. ११ सापडले, ११ सापडले नाहीत. न सापडलेल्या त्या अकरांपैकी मेले तीन. आठ जगले.

बावीस हा आकडा लहान आहे, आणि ते सगळे धडधाकट नर होते. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. जीवघेणी जखम झालेलं हरीण बऱ्याचदा सापडतं. जे सापडत नाही त्याच्या बाबतीत बाण बऱ्याचदा जीवघेण्या जागी लागलेलाच नसतो. ‘बऱ्याचदा’ हा शब्द वगळून वाचू नका. माझी ती मादी त्या मेलेल्या तिघांसारखी होती.

१२. कोणत्या जखमांतून हरीण वाचतं?

पाठीच्या वरच्या मांसातून, मणक्याच्या वरून आरपार गेलेला बाण. छातीखालच्या मांसाला, गळ्याखालच्या पोळीला झालेली चीर. फऱ्याच्या हाडात अडकलेला बाण. मोठी रक्तवाहिनी तुटली नसेल तर पुठ्ठ्यातली जखमसुद्धा. पाय मोडलेली हरणं तीन पायांवर वर्षानुवर्षं चरताना दिसतात.

वाचत नाही ते दोन्ही फुप्फुसं, हृदय, यकृत, आणि जवळजवळ नेहमीच कोथळा किंवा आतडी, कारण आतलं अन्न पोटाच्या पोकळीत सांडून जंतुसंसर्ग होतो. त्याला कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. सर्वांत वाईट मरण ते.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राने मारलेल्या, शिंगांना आठ फाटे असलेल्या नराचं मांस आम्ही माझ्या गॅरेजमध्ये साफ करत होतो. डाव्या फऱ्यावरून सुरी फिरवताना ‘खट्’ झालं. मांस सोलून बघितलं तर हाडाच्या सपाट भागात सुपारीएवढी पांढुरकी, चिवट गाठ होती. कापली तर आत गंजलेलं तीन पात्यांचं ब्रॉडहेड आणि बोटाच्या पेराएवढा बाणाचा तुकडा. पू नाही, वास नाही, आजूबाजूचं मांस निरोगी. कुणीतरी आदल्या एखाद्या हंगामात बाण सोडला होता आणि कदाचित रात्रभर जागला होता. त्या नराने मात्र शरीरात त्या लोखंडाभोवती भिंत बांधली आणि आपली शिंगं पुन्हा वाढवली.

१३. दादा, फुप्फुस आणि मणका यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाण गेला तर हरीण वाचतं म्हणतात. खरं का?

अशी जागा नसते. फुप्फुसं मणक्याला खालून भिडलेली असतात. मग बरगड्यांच्या वरच्या भागात बाण जाऊनही हरीण कसं वाचतं? गफलत मणक्याच्या उंचीची आहे. खांद्याच्या भागात मणका पाठीच्या रेषेपासून बराच खाली असतो, कारण त्याच्यावर लांब लांब उभे काटे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जाड मांस असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाण ‘फुप्फुसाच्या वरच्या टोकाला’ लागला. प्रत्यक्षात तो मणक्याच्याही वरून, मांसातून गेलेला असतो. पुढच्या वेळी हरीण साफ करताना फासळ्यांच्या आत हात घालून मणका चाचपा आणि दुसरा हात पाठीवर ठेवा. दोन हातांमधलं अंतर एकदा कळलं की पुन्हा विसरत नाही.

१४. एकाच फुप्फुसाला लागलं तर?

सगळ्यांत फसवी जखम. रक्त फेसाळ दिसतं, तुम्ही अर्ध्या तासात निघता, आणि हरीण मैलभर चालत राहतं. दुसरं फुप्फुस काम करत असतं. बरीच हरणं काही तासांनी मरतात, काही वाचतातही. बाण तिरका खाली गेला होता असं आठवत असेल (प्रश्न ५), किंवा बाहेर पडल्याची जखमच नसेल, तर यकृतासारखंच धरा आणि किमान चार-सहा तास थांबा.

१५. क्रॉसबो वापरला तर जखमी होऊन निसटणारी हरणं कमी होतील का?

इंडियन हेडच्या नोंदींत कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) आणि क्रॉसबो यांत तसा फरक दिसला नाही. क्रॉसबो शिकायला सोपा आहे, पण हरीण तसंच दचकतं आणि कोन तसाच चुकतो. उलट दुर्बीण लावलेली असल्याने माणूस लांबून बाण सोडायला धजावतो, ती माझी खरी काळजी.

१६. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला फार जड धनुष्य ओढवत नाही. चालेल का?

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी धनुष्य किमान ३५ पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, लागतं. ३५-४० पौंडांचं धनुष्य छातीतून बाण पार करतं, अट एवढीच की बाण फार हलका नसावा, ब्रॉडहेड दोन पात्यांचं आणि न उघडणारं असावं (लागल्यावर उघडणारी पाती ताकद खातात), अंतर १५ यार्डांच्या आत असावं आणि हरीण पूर्ण बाजू दाखवत असावं. खुर्चीवर बसून, पाय न ताणता, हळू ओढता आलं पाहिजे. आकाशाकडे धनुष्य करून हिसका द्यावा लागत असेल तर ते तिला जड आहे. एक वर्ष थांबायला तिची हरकत नसते, आपलीच असते.

१७. पोटात बाण लागलेल्या हरणाचं मांस खायचं का?

थंडी असेल आणि हरीण आठ-दहा तासांत सापडलं असेल तर बहुधा हो. पोटाजवळचं, हिरवट डाग लागलेलं मांस सरळ कापून टाका, धुऊन वाचवायला जाऊ नका. हवा ५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर पोट लवकरात लवकर साफ करून आत बर्फाच्या पिशव्या भरा. वास आला तर सोडा. आणि तुमच्या भागात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग, असेल (पेनसिल्व्हेनियात तो २०१२ मध्ये सापडला) तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मटणाचा रस्सा करू नका.

१८. रक्ताचा माग शेजाऱ्याच्या जमिनीत गेला.

थांबा, धनुष्य खाली ठेवा, दार ठोठवा. परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका, जखमी हरीण पलीकडे दिसत असलं तरी. नाहीच म्हणाले तर गेम वॉर्डनना (शिकारीचे नियम पाहणारे सरकारी अधिकारी) फोन करा, ते मध्यस्थी करतात. मी ऑगस्टमध्येच आजूबाजूच्या चार घरी चकल्यांचा डबा घेऊन जातो आणि आधीच विचारून ठेवतो. एकाही घराने अजून नाही म्हटलेलं नाही.

१९. हरीण सापडलं नाही, पण परवाना शिल्लक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं का?

परवान्याचा टॅग (शिकार केलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी) हाती आलेल्या हरणालाच लागतो, त्यामुळे कायद्याने बसता येतं. मी आधी दोन दिवस शोधतो. पहिल्या दिवशी माग, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडा, कारण पोटात लागलेली हरणं बऱ्याचदा ओढ्याकडे जातात, आणि पानगळ झालेल्या झाडांवर कावळे जमतात का ते बघतो. मग त्या भागात ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावून ठेवतो. जखम मांसातली असेल तर आठवड्याभरात ते हरीण चरताना दिसू शकतं, कडेवर सुकलेला डाग घेऊन. एकदा तसं दिसलंय मला. जखम यकृताची किंवा पोटाची होती याची खात्री असेल, तर मी तो टॅग त्या वर्षी वापरत नाही. दुसऱ्या हंगामात त्या मादीनंतर मी धनुष्य भिंतीला टांगलं आणि डिसेंबरभर अंगणात १५ यार्डांवरून, गुडघ्यावर बसून, एकच बाण रोज सकाळी सोडत राहिलो. दिवसाला एकच, कारण जंगलात पहिला बाणच मिळतो.